भेट : देणे, घेणे आणि नाकारणे

१

साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात वाढदिवसाच्या भेटवस्तूची चर्चा आढळावी, हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. भेटवस्तू हा बाजाराचा, फार तर शिष्टाचाराचा विषय. नीतिविचाराचा वा समीक्षेचा नव्हे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रस्तुत लेखिकेचा समजही याहून वेगळा नव्हता. एका माजी विद्यार्थ्याच्या साध्या प्रश्नाला आपण दिलेले उत्तर पोकळ होते आणि त्या पोकळपणाचा त्रास आपल्याला नव्हे, तर दुसऱ्याच दोघांना झाला, हे ध्यानात आल्यानंतर मात्र या विषयाकडे नव्याने पाहणे भाग पडले.

हा तरुण पिंपरी-चिंचवडमधील एका महाविद्यालयात मराठी विषय घेऊन बी. ए. झाला आणि आता चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करतो. खराबवाडीच्या बाजूला चौघांनी मिळून घेतलेली एक खोली, आठवड्यागणिक बदलणारी पाळी, महिन्याच्या पगारातून गावी पाठवायचे पैसे, असे त्याचे आयुष्य आहे. 'मैत्रीण आहे,' एवढे बोलून तो थांबला. 'प्रेयसी' हा शब्द त्याला पुस्तकी वाटला असावा आणि 'गर्लफ्रेंड' हा शब्द माझ्यासमोर उच्चारणे त्याला अवघड गेले असावे. ओळख होऊन तीन महिने झाले होते. ती म्हाळुंग्याकडच्या दुसऱ्या एका कारखान्यात लाइनवर काम करते. तिचा वाढदिवस जवळ आला होता. हप्त्यांवर मोबाइल, चांदीचे पैंजण, ड्रेस आणि मनगटी घड्याळ असे चार पर्याय त्याने योजून ठेवले होते. 'मॅडम, तुम्ही सांगा, काय द्यावं?'

'मनापासून काहीही दे. वस्तूपेक्षा भावना महत्त्वाची,' असे मी म्हणाले आणि पेपर तपासू लागले.

त्याने घड्याळ दिले. आठवड्याभराने ते परत आले.

२

'भावना महत्त्वाची' या माझ्या उत्तरातील दोष कोणता, हे साहित्याच्या शिक्षकाला तरी अवघड जायला नको होते. कवीच्या हेतूवरून कवितेचा अर्थ व मूल्य ठरविण्यातील तर्कदोष विम्झट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली दाखवून दिला. तो आपण वर्षानुवर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवीत आलो आहोत. संहिता लेखकाच्या हातून सुटली की तिचा अर्थ त्याच्या मनातील भावनेवर अवलंबून राहत नाही, असे व्याख्यानात सांगणारी व्यक्ती वर्गाबाहेर येताच 'मनात चांगले असले म्हणजे झाले' असा सल्ला देते. काव्याच्या बाबतीत जो तर्कदोष आपण अमान्य करतो, तोच आचरणाच्या बाबतीत नीतितत्त्व म्हणून स्वीकारतो, ही विसंगती लक्षणीय आहे.

भेटवस्तू ही देखील एक प्रकारची संहिता आहे. देणारा तिच्याद्वारे काही विधाने करीत असतो : तू अशी आहेस, तुला हे आवडेल, आपले नाते या पायरीवर आले आहे. जुन्या नात्यांत ही विधाने पूर्वीच्या असंख्य संकेतांवर आधारलेली असतात. आईने मुलीला दिलेल्या साडीचा अर्थ त्या साडीत मावत नाही. मागच्या वीस वर्षांचा संदर्भ तिच्यामागे उभा असतो. नव्या नात्यात मात्र संदर्भच तयार झालेला नसतो. तीन महिन्यांच्या ओळखीच्या बळावर दिलेली वस्तू जे सांगू पाहते त्यापेक्षा फार अधिक सांगून बसते. प्रथम वाचनातच कवितेचा अंतिम अर्थ जाहीर करणाऱ्या समीक्षकासारखी त्या दात्याची स्थिती असते.

या संदर्भात मराठीतील 'भेट' हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. दोन माणसांचे समोरासमोर येणे म्हणजे भेट, आणि एकाने दुसऱ्याला दिलेली वस्तू म्हणजेही भेट. 'भेट घेणे' म्हणताना आपल्यासमोर बहुधा माणूस असतो. 'भेट देणे' म्हणताना कधी वस्तू असते, कधी स्थळ. मंत्री कारखान्याला भेट देतात तेव्हा ते तेथे जातात, वस्तू देत नाहीत. 'भेट नाकारली' असे वृत्तपत्रात वाचताच आपण 'समोर येऊ दिले नाही' असा अर्थ घेतो. या दोन अर्थांच्या एकत्र नांदण्यात एक गर्भित सूचना आहे. वस्तू ही माणसाच्या येण्याची खूण असते; ती येण्याच्या जागी बसू शकत नाही.

आपल्याकडे देण्याघेण्याच्या शब्दांची वाण नाही. आहेर, ओवाळणी, ओटी, वाण, बिदागी, बक्षीस, नजराणा, इनाम, देणगी, दान : यांतील प्रत्येक शब्दासोबत कोणी, कोणाला, केव्हा आणि कशाच्या मोबदल्यात द्यायचे याची तयार संहिता येते. आहेराची वही ठेवली जाते आणि परताव्याचा आहेर तिच्यात पाहून केला जातो. ओवाळणी भावाने घालायची, ओटी सवाष्णीने भरायची. विवाहाबाहेरील, घरच्यांना ठाऊक नसलेल्या नात्यातील तरुणाने तरुणीला दिलेल्या वस्तूला मात्र या कोशात नाव नाही. परंपरेच्या ज्या व्यवस्थेत कन्या ही स्वतःच 'दाना'चा विषय आहे, त्या व्यवस्थेत ती स्वतःच्या नावाने, कुटुंबाला वगळून, काही स्वीकारणारी व्यक्ती म्हणून प्रथमच उभी राहते आहे. नव्या नात्यातील पहिल्या भेटवस्तूचा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. त्यात एका नव्या स्वीकारकर्तीचा प्रश्न गुंतलेला आहे.

३

भेटीच्या आधुनिक विचाराचा आरंभ मार्सेल मॉस यांच्या १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधापासून मानला जातो. वरवर ऐच्छिक दिसणारे देणे प्रत्यक्षात तीन बंधनांनी नियंत्रित असते, असे मॉस दाखवितात : देण्याचे बंधन, स्वीकारण्याचे बंधन आणि परत करण्याचे बंधन. मॉस यांनी या निबंधात प्राचीन भारतीय दानविचाराचीही दखल घेतली आहे. इंग्रजीत 'भेट' असा अर्थ असलेला 'गिफ्ट' हा शब्द जर्मन भाषेत 'विष' या अर्थाने रूढ आहे, या योगायोगसदृश वस्तुस्थितीवर त्यांनी १९२४ साली स्वतंत्र टिपण लिहिले होते. पुढे जोनाथन पॅरी यांनी १९८६ साली आणि ग्लोरिया रहेजा यांनी १९८८ साली उत्तर भारतातील दानव्यवहाराचा अभ्यास करून दानासोबत देणाऱ्याचे अशुभही घेणाऱ्याकडे जाते, या समजुतीचे सविस्तर विवेचन केले.

जाक देरिदा यांनी १९९१ साली या विचारालाच उलटे केले. भेट म्हणून ओळखली गेलेली भेट तत्क्षणी ऋण बनते. कृतज्ञतेचा एक शब्दही परतफेडच असतो. म्हणून शुद्ध भेट अशक्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यांच्या ग्रंथाच्या नावाचाच अर्थ 'काळ देणे' असा होतो. घड्याळ भेट देणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला ते नाव ऐकून हसू आले असते.

देरिदांचा युक्तिवाद भेदक आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नाला तो लागू पडत नाही. आपल्याला कोणी दिले हे कळूच नये, अशी त्या मुलीची अपेक्षा नव्हती. नव्या नात्यात ओळखले जाणे हाच तर देण्याचा हेतू असतो. परतफेड होते म्हणून भेट दूषित होते, हेही खरे नाही. परस्परांना काही ना काही देत राहणे हा स्नेहाचा स्वाभाविक धर्म आहे. दोष वेगळ्या ठिकाणी आहे. मॉसपासून देरिदांपर्यंत विचाराचा सारा भर पहिल्या आणि तिसऱ्या बंधनावर, म्हणजे देण्यावर आणि परत करण्यावर आहे. मधले बंधन, स्वीकारण्याचे, तुलनेने दुर्लक्षित राहिले. ज्याला परत करता येत नाही तो ऋणी होतो, हे खरे. पण ज्याला मुळात नाकारताच येत नाही त्याचे काय होते?

आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न ओळखला होता, पण एकाच वर्गासाठी. दानाची जोडी प्रतिग्रहाशी आहे, आणि प्रतिग्रह जोखमीचा आहे. प्रतिग्रहाचा अधिकार असला तरी त्याच्या आहारी जाऊ नये, कारण त्याने तेज मावळते, असा इशारा मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. हा इशारा ब्राह्मणाला उद्देशून आहे. घेणाऱ्याने सावध राहावे, घेण्याने माणूस उणा होतो, ही जाण इतकी जुनी असूनही जिला आयुष्यभर घेतच राहायचे असते त्या स्त्रीला हा सावधपणाचा अधिकार कोणत्याही स्मृतीने दिलेला नाही. तिने आनंदाने घ्यावे आणि घेतल्यावर कृतज्ञ असावे, एवढेच गृहीत धरले गेले.

४

भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रेमभेट म्हणजे दुष्यंताची अंगठी. 'अभिज्ञानशाकुन्तला'चे वाचन आपण बहुधा शाप, विस्मरण आणि पुनर्मीलन या अक्षांवर करतो. अंगठीच्या देवघेवीचा धागा हाती धरून तेच नाटक वाचले तर एक वेगळी संरचना दृष्टीस पडते.

अंगठी नाटकात प्रथम येते ती प्रेमाची खूण म्हणून नव्हे, तर ऋणमुक्तीचे साधन म्हणून. पहिल्या अंकात निघू पाहणाऱ्या शकुंतलेला प्रियंवदा अडविते. झाडांना पाणी घालण्याच्या दोन पाळ्यांचे देणे तुझ्याकडे आहे, ते फेडून मग जा, असे ती थट्टेने म्हणते. राजा ते ऋण फेडण्यासाठी आपली अंगठी पुढे करतो. सख्या तिच्यावरील नामाक्षरे वाचतात आणि एकमेकींकडे पाहतात. प्रियंवदा अंगठी घेत नाही. अंगठीने बोटापासून दुरावण्याचे कारण नाही, आपल्या शब्दानेच ही ऋणमुक्त झाली, असे ती सांगते. आश्रमातील मुलींच्या जगात शब्द पुरेसा आहे आणि वस्तू अनावश्यक. विशेष म्हणजे तेथे राजाची वस्तू विनोदाने, निर्भयपणे नाकारता येते.

पुढे राजधानीला परतताना दुष्यंत हीच अंगठी शकुंतलेच्या बोटात घालतो आणि नामाक्षरे दिवसाला एक याप्रमाणे मोजायला सांगतो. ती संपेपर्यंत न्यायला माणूस येईल, असे आश्वासन देतो. येथे वस्तू शब्दाची जागा घेऊ लागते. पाचव्या अंकात या बदलाचा परिणाम दिसतो. शकुंतला दरबारात उभी आहे, आपल्या तोंडाने सर्व सांगते आहे, आणि तिच्या सांगण्याला किंमत नाही. अंगठी हवी आहे. अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली असते. जी वस्तू भेट म्हणून दिली गेली ती आता पुरावा झालेली आहे, आणि पुरावा हरविला म्हणून स्त्री खोटी ठरली आहे. महाभारताच्या आदिपर्वातील मूळ आख्यानात अंगठीच नाही, हे या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. तेथील शकुंतला भर सभेत स्वतःच्या बळावर राजाशी वाद घालते. कालिदासाने तिला एक दागिना दिला आणि त्याबरोबर तिच्या शब्दाचे बळ कमी केले, असे म्हणता येईल.

परंतु कालिदास येथे थांबत नाही, आणि अभ्यासकांनी ज्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते तो क्षण सातव्या अंकात आहे. मारीचाश्रमात दोघे पुन्हा भेटतात. शकुंतलेला ती अंगठी राजाच्या बोटात दिसते. तो ती पुन्हा तिला देऊ करतो. शकुंतला नकार देते. या वस्तूवर आपला विश्वास उरलेला नाही, तुम्हीच ती धारण करा, अशा आशयाचे ती बोलते. राजा आग्रह धरीत नाही. अंगठी त्याच्याच बोटात राहते आणि मीलन पूर्ण होते. पहिल्या अंकात सखीने विनोदाने दिलेला नकार सातव्या अंकात शकुंतला स्वतः, दुःखातून गेलेल्या स्त्रीच्या अधिकाराने, पुन्हा उच्चारते. भेटवस्तू नाकारली जाते आणि भेट घडते. नाटकाच्या शीर्षकात 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण आहे. पण खुणेची गरज संपली हे ज्या क्षणी नायिका सांगते, तेव्हाच खरी ओळख पटते.

५

नाटकातून औद्योगिक पट्ट्यात येताना घेणारीची परिस्थिती प्रत्यक्षात कशी असते हे पाहिले पाहिजे. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींचे मोठे कारखाने चाकणला येऊ लागले. या पाऊणशे वर्षांत येथे येणारा कामगार बदलत गेला. पूर्वी घरातील कर्ता पुरुष येई आणि मागाहून कुटुंब येई. आता मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून अविवाहित मुली एकट्या येतात, चार-पाच जणींत एक खोली घेतात आणि स्वतःच्या नावावर पगार घेतात. त्यांच्या स्वातंत्र्याची ही पहिलीच पिढी आहे, आणि ते किती तात्पुरते आहे याची त्यांना पूर्ण कल्पना आहे. गावाकडून एक फोन आला की ते संपू शकते.

अशा मुलीला दिलेली वस्तू कोठे राहणार? खोलीत तिला एक पेटी आणि भिंतीवरची एक खुंटी एवढीच जागा असते. भोसरीला कामाला असलेला भाऊ सुट्टीच्या दिवशी येतो. नवे घड्याळ त्याच्या नजरेतून सुटणार नाही. 'कुणी दिलं?' या प्रश्नाला खरे उत्तर देणे शक्य नसते आणि खोटे उत्तर दिले की वस्तू पहिल्या दिवसापासून खोटेपणाची साक्षीदार होते. मोटारींच्या जुळणीच्या अनेक लाइनींवर अंगठी, घड्याळ घालून उभे राहता येत नाही, कारण धातू घासून रंगावर ओरखडा उठतो. म्हणजे कामावरही ते घालता येणार नाही. देणाऱ्याला जी आनंदाची खूण वाटते ती घेणारीच्या दृष्टीने लपवून ठेवायची एक चीज असते. शकुंतलेची अंगठी हरविली म्हणून ती संकटात आली. या मुलीचे घड्याळ सापडले तर ती संकटात येईल. दोन्ही ठिकाणी वस्तू पुरावाच आहे.

त्यात तारखेचाही प्रश्न होता. वाढदिवस १ जूनला, हे त्याने तिच्या आधार कार्डावर पाहिले होते. महाराष्ट्रातील खेड्यांत शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत, ही गोष्ट सर्वांना परिचित आहे. आमच्या पिढीतील कितीतरी प्राध्यापकांचे सेवापुस्तक याच तारखेने सुरू होते. ही मुलगी ऊसतोड कामगारांच्या घरातली. गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. तिचा जन्म हंगामात, परक्या मुलखातल्या फडाशेजारच्या कोपीत झाला, असे तिची आई सांगते. म्हणजे १ जून हा तिचा दिवस नव्हताच. घड्याळ परत करताना ती त्याला म्हणाली, 'हा गुरुजींनी लिहिलेला वाढदिवस आहे. तू मला विचारलं नाहीस.' आणि नंतर, 'आत्ता नको. तुझ्याकडंच ठेव. मला वाटलं तर मीच मागून घेईन.'

या तीन वाक्यांत सगळा नैतिक प्रश्न सामावला आहे. त्याने कागदावरची मुलगी वाचली होती. समोरची वाचायची राहिली होती. आणि तिने नाते तोडले नव्हते. तिने फक्त घेण्याची वेळ ठरविण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. हे त्याला कळले नाही, कारण ते कळण्याची भाषा त्याला कोणी दिली नव्हती. मीही दिली नव्हती. तो माझ्याकडे पुन्हा आला तेव्हा अपमानित होता. 'अडीच हजार गेले त्याचं काही नाही, मॅडम. पण तिनं माझं मन मोडलं. आता तिला दाखवतोच मी.'

'दाखवतोच' या शब्दाने मी दचकले. त्याला त्यातून काय अभिप्रेत होते, हे त्यालाही नेमके ठाऊक नसावे. पण वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर 'एकतर्फी प्रेमातून' या शब्दांनी सुरू होणारी बातमी जिथून निघते ती जागा हीच. ज्याने दिले त्याला घेतले जाण्याचा हक्क आहे, अशी समजूत त्या बातमीच्या मुळाशी असते. 'भावना महत्त्वाची' हे माझे वाक्य त्या समजुतीला किती सहज पोषक ठरू शकते, हे मला त्या क्षणी उमगले. भावनाच महत्त्वाची असेल तर, ज्याची भावना खरी त्याला नकार देणारी व्यक्ती अपराधी ठरते.

६

नकार हा भेटीचा शेवट नसून तिची पूर्वअट आहे, असे मला प्रतिपादन करावयाचे आहे. जी भेट नाकारता येत नाही ती भेट नव्हे. ती वसुली आहे, फक्त तिची बाकी पुढे ढकललेली असते.

कायद्याला हे तत्त्व अपरिचित नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२२ वे कलम भेटीची व्याख्या करताना दोन गोष्टी आवश्यक मानते : देणाऱ्याने स्वेच्छेने व मोबदल्यावाचून देणे, आणि घेणाऱ्याने ते स्वीकारणे. स्वीकारापूर्वी घेणाऱ्याचा मृत्यू झाल्यास भेट निरर्थक ठरते. देणाऱ्याची भावना कितीही उत्कट असली तरी ती एकटी भेट घडवू शकत नाही, ही जाण त्या रूक्ष कलमात आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शविल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे हा २०१३ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. कायदा नकाराचे रक्षण करू शकतो. नकार सहन कसा करावा, हे मात्र तो शिकवू शकत नाही. ते संस्कृतीचे काम आहे.

आणि या पट्ट्याच्या संस्कृतीला ते शिकविण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. चिंचवड, चाकण आणि देहू ही गावे एकमेकांपासून काही कोसांवर आहेत. चिंचवडच्या देवस्थानाने राज्यकर्त्यांकडून इनामे स्वीकारली. त्या इनामांनी देणारी सत्ता आणि घेणारे घराणे यांना पिढ्यान्‌पिढ्या कसे बांधून ठेवले, याचा अभ्यास लॉरेन्स प्रेस्टन यांच्या १९८९ च्या ग्रंथात आहे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा इनामदारांना सनदा दाखवाव्या लागल्या. भेटीचा पुन्हा पुरावा झाला.

इंद्रायणीच्या काठी देहूत मात्र वेगळी कथा सांगितली जाते. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला. महीपतींच्या संतचरित्रांनी ही कथा घरोघर नेली. तिचा पूर्वार्ध आपण विरक्तीचा दाखला म्हणून सांगतो आणि सारे श्रेय नाकारणाऱ्याला देतो. उत्तरार्धाकडे तितके लक्ष जात नाही. नजराणा परत आल्यावर राजा रागावला नाही. तो स्वतः कीर्तनाला येऊन बसला, असे परंपरा सांगते. सत्ताधीशाने पाठविलेली वस्तू परत करणे हे धैर्य आहे, परंतु परत आलेल्या वस्तूला अपमान न मानणे हेही त्याच मोलाचे आहे. लोकस्मृतीने या कथेत दोघांनाही मोठे केले. वस्तू परत गेली, म्हणून माणूस आला. 'भेट' या शब्दाच्या दोन अर्थांतील अंतर या कथेने कोणत्याही सिद्धांताहून स्पष्ट करून ठेवले आहे.

एक आक्षेप येथे संभवतो. नकाराला एवढे महत्त्व दिले तर देण्यातली उत्स्फूर्तता नष्ट होणार नाही का? प्रत्येक भेटीआधी परवानगी मागावी लागली तर आश्चर्याचा आनंद कोठे उरला? आक्षेप निराधार नाही. परंतु आश्चर्याचा आनंद हा विश्वासाचा परिपाक असतो. ज्याला आपण निःशंकपणे 'नको' म्हणू शकतो, त्याच्याकडूनच आलेले अनपेक्षित देणे आपल्याला आनंद देते. उत्स्फूर्ततेचा हक्क नात्याच्या आरंभी गृहीत धरता येत नाही, तो हळूहळू मिळवावा लागतो. म्हणूनच नव्या नात्यातील भेट लहान असावी, हा जुन्या बायकांचा व्यवहारी सल्ला तत्त्वतःही योग्य ठरतो. लहान वस्तू परत करणे सोपे जाते, विसरणे सोपे जाते, भावाला समजावणेही सोपे जाते. हप्त्यांवर घेतलेल्या मोबाइलचा प्रत्येक हप्ता तिच्याही मनावर चढत राहतो.

७

त्या दिवशी मी त्या तरुणाला सातव्या अंकातील अंगठीचा प्रसंग सांगितला. बी. ए.ला त्याने त्या नाटकावरील प्रश्न टिपणांच्या आधारे सोडविला होता. अंगठी शेवटी कोणाच्या बोटात राहते, हे त्याला आठवत नव्हते. मलाही ते कोणी परीक्षेत विचारल्याचे स्मरत नाही. मग मी त्याला एकच प्रश्न केला, जो मी पहिल्या वेळीच करायला हवा होता. 'तिला नको म्हणायचं असेल, तर ते तिला सोपं जाईल असं तू काय केलं होतंस?'

तो बराच वेळ गप्प बसला. 'तसा विचारच नव्हता केला,' एवढेच म्हणाला. निघताना त्याने पायरीवर थांबून विचारले, 'मग आता मी काय करू?' मी म्हटले, 'ती म्हणाली तसं कर. तुझ्याकडं ठेव. आणि आठवण करून देऊ नकोस.'

या सल्ल्याने सर्व सुरळीत झाले असे सांगता आले असते तर लेखाचा समारोप सोपा झाला असता. पंधरा दिवस त्याने तिला निरोप पाठविला नाही, आणि त्या पंधरा दिवसांत आपण नेमके शहाणपण करतो आहोत की रुसलो आहोत, हे त्याला स्वतःलाही उमगत नव्हते. त्यानंतर तिचाच फोन आला. अधूनमधून, दोघांच्या पाळ्या जुळतील त्या गुरुवारी, ते तळेगाव चौकात चहा घेतात, आणि पैसे आळीपाळीने देतात. आळीपाळीने देण्याची अट तिची. हे नाते पुढे टिकेल की नाही, हे सांगता येणार नाही, आणि त्यावर या लेखातील विधानांची सत्यता अवलंबूनही नाही.

तिचा खरा वाढदिवस कोणता, हे अद्याप ठरलेले नाही. आईला तिथी आठवत नाही. त्या दिवशी फडात थंडी फार होती आणि मुकादमाने सुट्टी दिली नव्हती, एवढे आठवते. तो आता थंडीची वाट पाहतो आहे. घड्याळ त्याच्या पेटीत, मूळच्या खोक्यात आहे. तिने अजून ते मागितलेले नाही.